चवथीला गावी निघण्याआधी गाडी आतून सुकवा

चवथीला आठ-दहा दिवस उरले की आई गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून फोनवर माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीच्या, सामानाची यादी सांगायला लागते, आणि इकडे पर्वरीत मी गाडीची डिकी रिकामी करायला घेतो. गाडी सात आसनी एसयूव्ही. वर्षभर तिच्यात दोन-तीन माणसं बसतात. चवथीला मात्र गणपती, माणसं, केळीचे घड, नारळ, समया, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) डबे आणि भिजलेल्या छत्र्या, सगळं तिच्याच पोटात जातं. दोन खेपा तरी होतातच. म्हणून ही तयारी आठ दिवस आधी धरायची. आदल्या दिवशी काढली तर हाती फक्त वरवरचं पुसणं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्यात गाडी आतून धुवायची कमी आणि सुकवायची जास्त. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरच्या आत. सत्तरीतल्या वाळपईकडे तर किनाऱ्यापेक्षाही जास्त. ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते, आणि बुरशीला ६०-७० टक्के पुरते. अशा हवेत बादलीभर फेसाने सीट धुवून घेतल्या तर ते पाणी फोममध्ये जातं आणि महिनाभर तिथेच राहतं. मग स्टिअरिंगवर, पट्ट्यांवर, मुलाच्या सीटवर पांढरे ठिपके उठतात, आणि दरवाजा उघडला की बंद माळ्यावरचा वास येतो.

सुरुवात गाडी पूर्ण रिकामी करून. दरवाजांचे कप्पे, सीटच्या मागच्या जाळ्या, ग्लोव्ह बॉक्स, सगळं एका टोपलीत काढा. मग मॅट उचला आणि खालच्या कारपेटवर चारही जागी तळहात दाबून धरा. नुसता हात फिरवून कळत नाही. दाबायचं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवायचं.

हे मी शिकलो ते तीन वर्षांपूर्वी. गाडीत कुबट वास येत होता, रबरी मॅट कोरडी ठणठणीत होती. एका वर्कशॉपमध्ये दाखवली, त्यांनी दरवाजाचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, खराब झालंय म्हणून चारही दरवाजांचं बीडिंग बदललं आणि पैसे घेतले. आठवड्यात वास परत. शेवटी मीच डाव्या बाजूची मॅट काढून कारपेटवर अंगठा रोवला, तर नखाभोवती पाणी जमलं. अंगठा उचलला की ते आत ओढलं जायचं, दाबला की पुन्हा वर यायचं. खाली बोटभर जाडीचा फोम होता आणि तो स्पंजसारखा भरलेला. दोष बीडिंगचा नव्हताच. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी लाल धूळ आणि पानांच्या चुऱ्याने बुजली होती, त्यामुळे ते पाणी उलटं आत येत होतं. मॅट रबरी असल्यामुळे वरून काहीच कळत नव्हतं, उलट तिच्यामुळेच ओल आत कोंडून राहिली होती.

तेव्हापासून माझ्या यादीत पहिली परीक्षा या नळीची. उघड्या जागी गाडी उभी करून दहा मिनिटं एसी चालवा आणि खाली वाकून बघा. आपल्या दमट हवेत काही मिनिटांत गाडीखाली थेंब पडायला लागले पाहिजेत, नंतर छोटं थारोळं. थेंब नाही पडले तर नळी तुंबली आहे असं धरून मेकॅनिककडे जा, आणि त्याला बीडिंग नको, ड्रेन पाइप बघ असं स्पष्ट सांगा. पाणी आत आलंच असेल तर बोटाला लावून पाहा. साधं, बिनवासाचं असेल तर ते एसीचं किंवा पावसाचं. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे हीटरच्या भागात गळती आहे, आणि त्या गाडीने चवथीचा प्रवास करायचा नाही.

सनरूफ असेल तर त्याच्याही नळ्या बघायच्या. सनरूफची काच पाणी पूर्ण अडवत नाही, ती अडवावी अशी अपेक्षाही नसते. आत शिरलेलं पाणी भोवतीच्या पन्हळीतून कोपऱ्यांतल्या नळ्यांत जातं आणि चाकांजवळ बाहेर पडतं. नारळीखाली किंवा आंब्याखाली गाडी लावत असाल तर त्या पन्हळीत जो गाळ साचतो तो बोटानेच काढावा लागतो. नंतर प्रत्येक कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळू ओतून ते खाली पडतं का हे दुसऱ्याला बघायला सांगा. तुंबलं असेल तर मासे धरायच्या गरीला लावतात तो जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) हलक्या हाताने आत सारा. तार घालू नका, आणि जोराची हवाही मारू नका. आतला जोड सुटला तर पाणी थेट छताच्या कापडात उतरतं. डिकीत स्टेपनीचा खड्डा असेल तर तोही बघून घ्या. तिथे पाणी उभं राहिलं की जॅक गंजतो, आणि ते कळतं पंक्चर झाल्यावर.

आता सुकवणं. श्रावणाच्या शेवटी ऊन येतं ते तासाभरासाठी, पण आलं की चारही दरवाजे आणि डिकी सताड उघडा, पायाखालचा कारपेट कडेने उचलून खाली काठीचे तुकडे सारा. ऊन नसेल तर गाडी उघड्यावर उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी चालू, तापमान गरमवर, वारा पायांकडे, हवा बाहेरून घेणारं बटण. एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि गरम वारा फोममधली ओल उचलतो. अर्धा तास चालवून दरवाजे उघडा, पुन्हा अर्धा तास. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या कोंडलेल्या पार्किंगमध्ये हे करायचं नाही, एक्झॉस्टच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही आणि जीव घेतो.

बुरशीचे ठिपके गाडी उघड्यावर आणून, तोंडाला मास्क लावून पुसावेत. कोरडा ब्रश मारला तर ती सगळीकडे उडते. कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे चार थेंब, मायक्रोफायबरचं फडकं बुडवून घट्ट पिळलेलं, आणि मागोमाग कोरडं फडकं. सीटचे पट्टे शेवटपर्यंत बाहेर ओढून पुसा आणि पूर्ण सुकेपर्यंत आत जाऊ देऊ नका, बाहेर ओढून कपड्यांच्या चिमट्याने अडकवून ठेवा. ब्लीच पट्ट्याला कधीही लावायचं नाही, त्याने विणीतला धागा कमकुवत होतो, आणि अपघातात माणूस त्याच धाग्यावर तोललेला असतो. बटणांवर आणि स्क्रीनवर थेट फवारा मारू नका, फवारा फडक्यावर. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, तिथे पाणीही जाऊ द्यायचं नाही.

चकाकी आणणारा तेलकट स्प्रे मी घरात ठेवतच नाही. स्टिअरिंग आणि पेडल त्याने निसरडी होतात आणि डॅशबोर्डवर धूळ जास्त चिकटते.

आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. डिचोली-साखळीच्या लाल धुळीच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांनी तो काढून बघाच, आमचा दर वर्षी विटेच्या रंगाचा निघतो. कागदी फिल्टर धुवून परत बसवू नका. नवा बसवताना त्यावरचा हवेचा बाण जुन्याच दिशेने.

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद असते, म्हणून डिकीतला वास घालवायला याच्याइतका चांगला महिना नाही. बांगड्यांच्या पिशवीतून ठिबकलेलं पाणी कारपेटमध्ये मुरलं असेल तर थंड पाण्याने टिपून काढा. गरम पाण्याने तो डाग आणि वास दोन्ही बसतात. नंतर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम. वरून अत्तराची बाटली टांगली तर दोन वास होतात, एक जात नाही. आणि मासळी परत सुरू होण्याआधी झाकणाचा, कोपरे न गळणारा एक प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन ठेवा. आमच्या डिकीत तो कायम असतो.

पावसात मॅटखाली वर्तमानपत्र घालायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, पण ते रोज बदललं तरच. ओला कागद तसाच राहिला की तोच बुरशीचं घर होतो. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र कागद घालू नका, आणि तिथे एकावर एक दोन मॅटही नकोत. मॅट तिच्या हुकांत अडकलेली हवी. तिची कड पेडलखाली गेली तर घाटात काय होईल ते सांगायला नको.

आता चवथीचं भरणं. गणपती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची आपल्या घराघरांत सवय आहे, आणि त्यामागची भक्ती मला कळते, माझे वडीलही तसेच आणायचे. पण समोर एअरबॅग असते. ती उघडली तर मातीची जड मूर्ती आणि माणूस यांच्यात काही उरत नाही. आम्ही आता तिसरी रांग पाडून तिथे घडी केलेली गोधडी घालतो, त्यावर पाट, पाटावर मूर्ती, पाठ मधल्या सीटला टेकलेली. चारही बाजूंनी गुंडाळलेल्या गोधड्या इतक्या घट्ट बसवतो की पाट हाताने हलवला तरी हलत नाही. चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाण्याआधी पाटासकट मूर्तीची उंची मोजून घ्या आणि डिकीचा दरवाजा बंद करून आतून मोजा. मागची काच तिरकी असते, उघड्या डिकीत बसणारा मुकुट बंद करताना काचेला लागतो. मूर्तीवर धुतलेलं सुती वस्त्र हवं, प्लॅस्टिक नको. प्लॅस्टिकखाली बाष्प धरतं आणि रंग हाताला लागतो.

माटोळीचं सामान दुसऱ्या खेपेला, मूर्तीबरोबर नाही. केळीच्या घडाचा कापलेला दांडा कागदात आणि वरून पिशवीत बांधा, चीक कापडाला लागला की काळा पडतो आणि मग कशानेही जात नाही. आमच्या गाडीच्या छताला चार वर्षांपूर्वीचा एक डाग अजून आहे. तवशी, चिबूड, आंबाडे, रानातली फळं टोपल्यांत, खाली गोणपाट. नारळ सुटे कधीही टाकू नका. उतारावर एक नारळ सीटखालून घरंगळत ड्रायव्हरच्या पायाशी येतो आणि ब्रेकच्या खाली बसतो. गोणीत भरा आणि गोणीचं तोंड बांधा. समईतलं तेल काढून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी. सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच रचायचं नाही. फटाके, लायटर, पॉवर बँक बंद गाडीत उन्हात ठेवून देवळात जायचं नाही.

माणसांसाठी मागच्या सीटच्या पट्ट्यांची सगळी बकलं वर काढून ठेवा, ती सीटच्या फटीत बुडालेली असतात आणि मग वहिनी म्हणते राहू दे, जवळच तर जायचंय. २०१९ च्या कायद्यातल्या बदलानंतर पट्टा नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण पट्टा लावायचा तो दंडासाठी नव्हे, मागे बसलेलं माणूस पुढच्यावर आदळतं म्हणून. सीट कव्हर घालायचं असेल तर आधी सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली आहे का बघा. असेल तर ती कड झाकणारं कव्हर नको.

गाडीत भिजलेली माणसं बसली की काचा धुरकटतात. फडक्याने पुसत राहू नका. एसी चालू, वारा काचेकडे, हवा बाहेरून, दोन मिनिटांत काच मोकळी होते. हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू राहिलं तर ओल आतच फिरत राहते. ओल्या छत्र्यांसाठी मधल्या रांगेत एक उभी बादली ठेवा, पायाशी आडव्या टाकू नका. मुक्काम जवळ आला की शेवटची चार-पाच मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, त्याने एसीची आतली गार होणारी कॉइल कोरडी होते. कुबट वास यायला सुरुवात तिथूनच होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काचा लावून गाडीत पाच मिनिटं एकटे बसा आणि नाकाने तपासा. नंतर पुन्हा एकदा तळहात चारही जागी दाबून बघा. गावी पोचलात, गणपती उतरवला, की नेवऱ्यांचा चुरा तेवढा लगेच झाडून टाका, नाहीतर रात्रीत मुंग्या आणि त्यांच्या मागून उंदीर येतात. गाडी शेडखाली असेल तर आरती चालू असेपर्यंत दरवाजे उघडे राहू द्या. आतला दिवा मात्र बटणाने बंद करून जा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असेल.