घरात वयस्कर मांजर असताना पिल्लू आणताय? मग हे वाचा

पावसाळ्यात जिन्याखाली, नाहीतर गाडीच्या बॉनेटमध्ये पिल्लू सापडतं, भिजलेलं, भुकेलेलं, आपण उचलून घरी आणतो आणि थेट हॉलमध्ये जुन्या मांजरासमोर सोडतो. प्लीज असं करू नका. पिल्लू दोन दिवसांत रुळतं हो, खरा त्रास होतो तो दहा-बारा वर्षं त्या घरात एकटीने राहिलेल्या माऊला, म्हणून सगळं तिच्या स्पीडने करायचं.

पहिले दोन आठवडे पिल्लू वेगळ्या खोलीत, दार बंद. खोली नसेल तर बाथरूम चालेल पण कोरडं आणि उबदार हवं. कारण रस्त्यावरच्या पिल्लाला पॅनल्युकोपेनिया हा व्हायरसचा आजार असू शकतो, हा मांजरांचा पार्व्हो, लस न घेतलेल्या पिल्लाचा यात जीव जाऊ शकतो आणि व्हायरस घरात कित्येक महिने जिवंत राहतो. उलट्या, पातळ शी, खाणं बंद असं काही दिसलं की उद्यापर्यंत थांबू नका, लगेच व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. मोठीचं बूस्टर राहिलं असेल तर तेही आत्ताच करून घ्या. पिल्लाची लस साधारण 8 आठवड्यांपासून, मग 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी, रेबीजची 12 आठवड्यांनंतर. जंताचं औषध आणि पिसवांचं औषध व्हेटला वजन दाखवूनच. कुत्र्यांचं पिसवांचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्यात परमेथ्रिन असलं तर मांजर दगावू शकतं.

आणि फिनाइल! आपल्याकडे शी-शू झाली की हात आधी फिनाइलच्या बाटलीकडे जातो. मांजरं पंजे चाटतात आणि फिनाइल त्यांच्यासाठी विषारी आहे. जागा आधी साबणाने धुवा, मग घरातलं साधं ब्लीच 1 भाग आणि पाणी 32 भाग असं लावून दहा मिनिटं ठेवा, नंतर पाण्याने नीट पुसून सुकू द्या, तोपर्यंत दोघांना लांब ठेवा.

या दोन आठवड्यांत पिल्लू ठणठणीत आहे असं व्हेटने सांगितलं की वासाची ओळख सुरू करायची. पिल्लाच्या अंगाखालचं फडकं मोठीच्या खोलीत ठेवा, तिचं पिल्लाकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या, आधी लांब, रोज थोड्या जवळ. मोठी दाराशी निवांत खायला लागली की दार जरासं उघडून बघू द्या. ती फिस्कारणार, गुरगुरणार, एखादा पंजाही मारेल, ते नॉर्मल आहे, ती फक्त लांब राहा असं सांगतेय, तिला ओरडू नका. ती लपून बसली, खाणं सोडलं किंवा खरंच अंगावर धावून गेली तर एक पायरी मागे या. कुणाचं आठवड्यात जमतं, कुणाला दोन-तीन महिने लागतात.

भेटीआधी पिल्लाला दोरी-पिसाने खेळवून दमवा. आणि दोघं रुळल्यावरही रोज काही तास पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा, लोक म्हणतात उंच जागा द्या, पण सांधे दुखणारी मांजर कपाटावर चढणार कशी, तिला शांत झोप मिळायला हाच उपाय आहे.

खाणं वेगळंच. पिल्लाला किटन फूड दिवसातून तीन-चार वेळा, आणि ते मोठीने खाल्लं तर वजन वाढतं, तिला किडनीचा त्रास असेल तर आणखीच वाईट, म्हणून वाट्या दिवसभर भरून ठेवू नका, खाऊन झालं की उचला. गाईचं दूध दोघांनाही नको, पोट बिघडतं. नुसता दूधभात किंवा दूधपोळी तर नकोच, मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतून मिळतं.

लिटर ट्रे, म्हणजे शी-शूचे ट्रे, मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना तीन, आणि वेगवेगळ्या ठिकाणी. एक तरी बुटक्या काठाचा हवा, पिल्लालाही सोपा आणि म्हातारीच्या गुडघ्यांनाही. पिल्लू लहान असताना गोळे होणारं लिटर नको, ती ते खातात.

या गडबडीत मोठीकडे लक्ष ठेवा. पाणी जास्त पितेय, बारीक होतेय, ट्रेबाहेर करतेय, तर रुसली म्हणून सोडून देऊ नका, किडनी किंवा थायरॉईड असू शकतं, रक्त तपासा. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तरी व्हेटला फोन. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि शू येत नाहीये तर ती इमर्जन्सी, रात्र असली तरी न्या. पॅरासिटामॉल वगैरे माणसांची गोळी अजिबात देऊ नका, जीव जातो.

शेवटचं, पिल्लू मादी असेल तर चार महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते, आणि घरातला मोठा बोका नसबंदीचं ऑपरेशन न केलेला असेल तर पिल्लू घरी आल्या आल्याच त्याची तारीख घेऊन टाका, पिल्लाचं कधी करायचं तेही त्याच वेळी विचारा.