गवंडी ते ठेकेदार: प्लास्टरचा ठेका घ्यायला कोणते कागद लागतात आणि कधी

वायरिंगच्या ठेकेदाराला विद्युत निरीक्षक कार्यालयाचं लायसन्स लागतं, नळकामाला महापालिकेचं. प्लास्टरसाठी असं एकच लायसन्स महाराष्ट्रात नाही. "प्लास्टर काँट्रॅक्टरचं लायसन्स काढून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले, तर नेमका कोणत्या खात्याचा कागद ते आधी विचारा. ठेकेदार म्हणून तुम्हाला उभं करतात ते चार-पाच खात्यांचे वेगवेगळे कागद. ते सगळे पहिल्या दिवशी लागत नाहीत. काम वाढेल तसे एकेक काढायचे. मागेपुढे झालं की दंड तरी बसतो, नाहीतर बिल अडकतं.

सुरुवातीचे कागद

पॅन आणि धंद्याच्या नावाचं चालू खातं आधी. एका कामाचं बिल 30,000 रुपयांच्या वर किंवा वर्षाचं मिळून 1 लाखाच्या वर गेलं, की बिल्डर टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी वळता केलेला आयकर, कापतो. एकट्या माणसाच्या नावावर धंदा असेल तर 1 टक्का, भागीदारी किंवा कंपनीला 2 टक्के. पॅन दिला नाही तर तीच कपात 20 टक्के. कापलेली रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरलं की कराच्या हिशेबात धरली जाते आणि जास्त असेल तर परत येते. तरी कितीतरी गवंडी विवरणपत्र भरत नाहीत आणि स्वतःचे पैसे तसेच सोडून देतात. भरत चला. पुढे बँकेचं कर्ज किंवा ऐपतदारीचा दाखला हवा असेल तेव्हा पहिल्यांदा याच कागदांची मागणी होते.

मग उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत. व्यवसायाच्या यादीत 4330 हा गट निवडा, इमारतीच्या फिनिशिंगची कामं त्यात येतात. उद्यमचा खरा उपयोग थकलेल्या पैशांसाठी: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, आणि उशीर झाल्यास व्याज लागतं. नुसत्या मजुरीच्या कामाला हा आधार चांगला मिळतो. माल-मजुरीच्या एकत्र ठेक्याला तो लागू होतो का, यावर मात्र कोर्टात वाद झालेले आहेत.

छोटं कार्यालय किंवा गोडाऊन असेल तर शॉप ॲक्टखाली नोंद करा. माणसं कमी असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कराचे दोन नंबर असतात आणि इथे गोंधळ होतो. एक स्वतःचा, वर्षाला 2,500 रुपये. दुसरा पगारी माणसं ठेवल्यावर, त्यांच्या पगारातून कापून भरण्यासाठी. पहिला काढला म्हणजे दुसरा झाला असं होत नाही.

जीएसटी: बिल्डर नंबर का मागतो

वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. उलाढाल म्हणजे पूर्ण बिलाची रक्कम, हातात उरलेला नफा नव्हे. दहा माणसांची टोळी वर्षभर चालली तर मजुरीच 20 लाखांच्या पुढे जाते. तेव्हा आकडा दर महिन्याला लिहून ठेवा.

पण उलाढाल कमी असली तरी बिल्डर जीएसटी नंबर मागतो. त्याचं कारण त्याच्या कराच्या हिशेबात आहे. फ्लॅटवर 1 किंवा 5 टक्क्यांचा कर लावणाऱ्या बिल्डरला माल आणि सेवा मिळून किमान 80 टक्के खरेदी नोंदणी असलेल्यांकडून करावी लागते. कमी पडली तर त्या तुटीवर 18 टक्के त्याला स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. नोंदणी नसलेला प्लास्टरवाला त्याला स्वस्त वाटतो, पण पडतो महाग. मोठ्या साइट हव्या असतील तर हा नंबर 20 लाखांची वाट न पाहता घेतलेला बरा.

प्लास्टरच्या सेवेचा कोड 995472, दर 18 टक्के. स्वतंत्र बंगल्याचं नवं बांधकाम असेल आणि तुम्ही फक्त मजुरी देत असाल, तर ते काम करमुक्त आहे. सोसायटीतला फ्लॅट किंवा जुन्या घराची दुरुस्ती या सवलतीत बसत नाही. माल तुमचा असेल तर सिमेंटची खरेदी पक्क्या बिलानंच करा. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, आणि नोंदणी असेल तर तो तुमच्या भरण्यातून वजा होतो. कच्च्या बिलावर घेतलेल्या गोणीचा कर कायमचा गेला.

माणसं तुमची, जबाबदारीही तुमची

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग घाईत उरकू नका.

बाहेरचं प्लास्टर म्हणजे परांचीवरचं काम. पहिला माणूस परांचीवर चढण्याआधी अपघात भरपाईची विमा पॉलिसी हवी. साइटवर तिला "डब्ल्यूसी पॉलिसी" म्हणतात. तिचा हप्ता मजुरीच्या एकूण रकमेवर ठरतो. हप्ता वाचवायला चार माणसं दाखवली आणि साइटवर बारा असली, तर अपघातानंतर कंपनी दावा अडवते. गवंडी आणि बिगारी वेगवेगळे दाखवा, "उंचीवरचं काम" असा उल्लेख आहे ना तेही पाहा.

20 माणसं झाली की पीएफची नोंदणी लागते. बरेच बिल्डर त्याआधीच पीएफ आणि ईएसआयसीचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) नंबर मागतात, कारण तुम्ही भरलं नाही तर वसुली त्यांच्याकडे जाते. म्हणूनच चलन दाखवेपर्यंत ते तुमचं बिल धरून ठेवतात. 50 किंवा जास्त माणसं असतील तर कंत्राटी कामगार ठेवण्याचा परवाना कामगार खात्याकडून घ्यावा लागतो. जुन्या कायद्यात त्यासाठी कामाचा आदेश आणि मूळ मालकाचा, म्हणजे काम देणाऱ्याचा, तपशील लागायचा, म्हणून काम हातात आल्यावरच अर्ज करता यायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातही 50 चाच आकडा आहे, पण जुने छापील फॉर्म भरत बसू नका.

हजेरी पुस्तक रोज भरा. उचल दिली की त्याच दिवशी सहीसह लिहा, आणि पगार बँकेतून द्या. उचलीची नोंद नसेल तर मजुरी थकवल्याच्या तक्रारीत तुमच्या बाजूनं कागद उरत नाही.

वर्षात 90 दिवस काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या माणसाची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देऊ शकतो. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अनेक योजना त्यावर मिळतात, म्हणून तो मागणाऱ्याला टाळू नका. मात्र काम न केलेल्याला असा दाखला कधीही देऊ नका. सही तुमची असते, आणि पडताळणीत हजेरी पुस्तकच मागतात.

सरकारी काम

सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी असते. वर्ग ठरतो तो केलेल्या कामांचे दाखले, ऐपतदारी आणि यंत्रसामग्रीवर. निविदा ऑनलाइन भरायला डिजिटल सही लागते, सोबत बयाणा रक्कम. फक्त प्लास्टरची निविदा क्वचितच निघते, बहुधा ती दुरुस्तीच्या कामात इतर बाबींबरोबर येते. गावाकडच्या टोळीला मजूर सहकारी संस्थेचा रस्ता जास्त जवळचा, कारण लहान कामांचा ठरावीक वाटा अशा संस्थांसाठी राखीव असतो.

दर देण्याआधी

कागद पूर्ण असूनही ठेका तोट्यात जातो, कारण करारात जाडी आणि मापाची पद्धत लिहिलेली नसते. एक ब्रास, म्हणजे 100 चौरस फूट, आतल्या भिंतीला 12 मिमी जाडीचं 1:6 (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) प्लास्टर करायला साधारण पाऊण गोणी सिमेंट आणि साडेपाच घनफूट वाळू लागते. बाहेरच्या 20 मिमी दोन थरांच्या 1:4 सॅण्डफेसला (खरखरीत प्लास्टरला) पावणेदोन गोणी आणि साडेआठ घनफूट. आता भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसेल आणि आतली जाडीही 20 मिमीवर गेली, तर 5,000 चौरस फुटांना 38 ऐवजी 63 गोण्या जातात. या 25 गोण्या कोणाच्या? म्हणून दर देण्याआधी ओळंबा आणि दोरी लावून ठिय्ये (जाडीच्या खुणा) मारून पाहा, आणि "15 मिमीच्या वर जाडीला वेगळा दर" असं कलम घाला. एकाच थरात जाड थापलं तर माल सरकतो आणि वाळताना तडे जातात, त्यामुळे दोन थर द्यावे लागतात आणि मजुरीही दुप्पट होते.

मापासाठी आयएस 1200 या भारतीय मानकाचा भाग 12 करारात लिहून घ्या. त्यानुसार 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. 0.5 ते 3 चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट, आणि चौकटीलगतच्या कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. त्याहून मोठ्या जागेची दोन्ही बाजूंची वजावट, पण कडा मोजायच्या. हे लिहिलं नसेल तर बिल्डरचा माणूस प्रत्येक खिडकी पूर्ण वजा करतो, आणि कडांची कसरत फुकट जाते.

पाणी आणि वीज कोणाची, परांची कोणाची, कॉलम आणि विटांच्या सांध्यावरची चिकन मेश (तारेची जाळी) कोणी आणायची, हेही लिहा. मेश सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान 150 मिमी यायला हवी. ती नसेल तर तिथे सरळ रेषेत तडा जातो आणि दोष तुमच्या माथी येतो. सात दिवस पाणी कोण मारणार हे तर नावानिशी लिहा.

बिलातून साधारण 5 टक्के रक्कम दोष दुरुस्तीसाठी राखून ठेवतात. ती कधी सुटणार त्याची तारीख करारात हवी, "काम समाधानकारक झाल्यावर" असं मोघम नको. काम ताब्यात देताना इंजिनिअरला बरोबर घेऊन प्रत्येक भिंत ठोकून दाखवा. पोकळ वाजेल तिथलं प्लास्टर तेव्हाच चौकोनी कापून पुन्हा भरा, आणि खोलीवार तक्त्यावर त्याच दिवशी त्यांची सही घ्या.