जुना लॅपटॉप लई स्लो झालाय? रिसेट मारायच्या आधी हे करा

आमच्या मामांचा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे, लॅपटॉप नऊ वर्षांचा, चालू करून चहा पिऊन आलं तरी स्क्रीनवर गोल फिरतंच असायचं. मामा म्हणाले, "फॉरमॅट मारून टाक बाबा, जीएसटीचं काम अडलंय." मी म्हटलं मामा दोन तास द्या, कशानं झालंय ते तरी बघू. तुम्हालाही तेच सांगतो, लगेच रिसेट मारू नका, म्हणजे सगळं पुसून विंडोज परत नव्यानं बसवायच्या मागं लागू नका.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. काहीच काम चालू नसताना डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवांत असेल तर बहुतेक वेळा दुखणं हार्ड डिस्कचं असतं. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतीये. तिथंच स्टार्टअपचा टॅब आहे, लॅपटॉप चालू होताना आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम त्यात दिसतात, नको ते सगळं डिसेबल करा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढाच, विंडोजचा डिफेंडर घरच्या कामाला पुरतो.

आता आपल्या सोलापूरचं खास दुखणं. मामांच्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि जाळीच्या मधे रुईचा असा थर बसलेला की चिमट्यानं ओढल्यावर अख्खी पट्टी निघाली, टॉवेलच्या काठासारखी, त्यात पिवळ्या सुताचे तुकडे पण दिसत होते. हवा बाहेर जाणार कुठनं? त्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं, मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपोआप वेग कमी करतो आणि आपण म्हणतो लॅपटॉप म्हातारा झाला. साफ करताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची पिन काढा, पंख्याचं पातं टूथपिकनं धरून ठेवा आणि मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा जोरात फिरून खराब होतो. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला त्यावर लावलेला लेप, वाळून खडखडीत झाली असेल तर नवी लावा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबू नका, टोचू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडं न्या.

डिस्कचं दुखणं असेल तर एसएसडी टाका, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, माझ्या मते जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचा तर पहिला इथंच करावा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते, २५६ जीबी रोजच्या कामाला पुरते. रॅम चार जीबीची आठ करता आली तर उत्तमच, पण डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन जाती एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. एसएसडी टाकणारच असाल तर जुन्या डिस्कवर रिसेट मारण्यात वेळ घालवू नका, ८ जीबीच्या पेनड्राईव्हवरनं नव्यानं विंडोज टाका, मदरबोर्ड तोच असला की ॲक्टिव्हेशन बहुतेक वेळा नेट लावल्यावर आपोआप होतं.

नुसता रिसेटच करायचा असेल तर आधी बॅकअप. "कीप माय फाईल्स" निवडलं तरी इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअरं उडतात, त्यामुळं टॅलीचा डेटा फोल्डर, श्रीलिपीचे (मराठी टायपिंगचे) फॉन्ट, डेस्कटॉपवरचे फोटो हे सगळं हातानं बाहेर कॉपी करा, आणि कॉपी केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. मग विंडोज १० मधे सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, तिथं रिसेट धिस पीसी. हार्ड डिस्कवर याला दोन-तीन तास सहज लागतात. मधेच लाईट गेली आणि बॅटरी मेलेली असली तर विंडोज अर्धवट राहतं, म्हणून अशा लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरवर लावूनच बसा.

अजून एक, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. पोरांचा अभ्यास, व्हिडिओ, ब्राउझिंग एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, आधी पेनड्राईव्हवरनं चालवून बघता येते. मामांना टॅलीसाठी विंडोजच पाहिजे होतं, म्हणून एसएसडी टाकून तेच ठेवलं, फक्त बँकेचं काम त्यावर करायचं बंद केलं. आणि लॅपटॉप लूमशेजारच्या टेबलावरनं उचलून आतल्या खोलीत नेलाय, दर सहा महिन्यांनी मी जाऊन झाकण उघडून रुई काढतो.