स्कुबा रेग्युलेटर घेताना: योक की डिन, हे कसे ठरवावे

खंभातचे आखात बडोद्यापासून फार दूर नाही. मात्र तेथील पाणी कमालीचे गढूळ आणि भरती-ओहोटीचा जोर मोठा असल्यामुळे स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणे, करणाऱ्या बडोदेकराला मालवण, अंदमान किंवा लक्षद्वीप गाठावे लागते. भरलेला सिलिंडर विमानात नेता येत नाही. म्हणून सिलिंडर तेथील केंद्राचा आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने तोंडापर्यंत पोहोचवणारे उपकरण) आपला, अशीच विभागणी होते. रेग्युलेटरची जोडणी निवडताना सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, कारण जी जोडणी आपल्याला भेटणाऱ्या सिलिंडरांवर बसते तीच उपयोगाची.

योक आणि डिन हे जोडणीचे दोन्ही प्रकार नीट समजून घ्यावेत. योक प्रकारात फर्स्ट स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडल्या जाणाऱ्या भागाला, धातूचे कडे असते; ते व्हॉल्व्हभोवती अडकवून मागचा स्क्रू हाताने आवळला की रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या सपाट तोंडावर दाबला जातो. हवा अडवणारी ओ-रिंग (रबरी चकती) या प्रकारात व्हॉल्व्हच्या तोंडावरील खाचेत, म्हणजे केंद्राच्या सिलिंडरवर असते. ती किती जुनी आहे, तिला चीर गेली आहे का, हे प्रत्येक वेळी आपणच पाहायचे. डिन प्रकारात रेग्युलेटरचे आटे थेट व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवतात आणि ओ-रिंग रेग्युलेटरच्या टोकाला असते. ती चारही बाजूंनी धातूत बंदिस्त होते, त्यामुळे दाबाखाली बाहेर सरकण्याची शक्यता खूपच कमी राहते. शिवाय ती आपली असते, आपण जपलेली असते. परक्या सिलिंडरवर श्वास सोपवणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटू नये.

यानंतर दाबाचा विचार करावा. योक जोडणी २३२ बारपर्यंतच्या (बार हे दाबाचे एकक) दाबासाठी मान्य आहे. पर्यटनस्थळी सर्रास दिसणारा सुमारे ११ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर २०७ बारचा असतो, त्यामुळे त्यासाठी योक पुरेसा ठरतो. डिनचे २०० आणि ३०० बार असे दोन प्रकार असून आट्यांच्या लांबीवरून ते ओळखता येतात: पहिल्याला पाच आटे, दुसऱ्याला सात. सात आट्यांचा रेग्युलेटर दोन्ही डिन व्हॉल्व्हवर बसतो, पण पाच आट्यांचा ३०० बारच्या खोल व्हॉल्व्हमध्ये ओ-रिंगपर्यंत पोहोचतच नाही. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणून डिन घ्यायचाच असेल तर सात आट्यांचाच घ्यावा.

आता प्रवासाआधी केंद्राला विचारावयाचे प्रश्न. तुमचे व्हॉल्व्ह योकचे आहेत की डिनचे? योकचे असल्यास त्यांत काढता येणारा इन्सर्ट, म्हणजे तोंडात बसवलेला धातूचा तुकडा, आहे का? हा इन्सर्ट ओळखणे सोपे आहे. व्हॉल्व्हच्या तोंडात डोकावल्यावर मधल्या छिद्राला षटकोनी कडा दिसली, तर तो अ‍ॅलन चावीने निघतो आणि आतले डिनचे आटे मोकळे होतात. व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री झाल्यावरच तो काढावा, आणि शक्यतो हे काम केंद्रातील माणसाकडूनच करून घ्यावे. इन्सर्टची सोय २०० ते २३२ बारच्या व्हॉल्व्हवर असते, ३०० बारच्या नव्हे.

भारतात आणि आग्नेय आशियात सामान्यतः योकचाच वापर अधिक. युरोपात, विशेषतः जर्मनीत, डिन रूढ आहे. वर्षातून एखाद्या वेळी मालवण किंवा अंदमानला जाणाऱ्याने योक घेतला तरी काही बिघडत नाही. परंतु पुढे युरोपात जाण्याचा, बुडालेल्या जहाजांत किंवा गुहांत उतरण्याचा विचार असेल, तर माझे स्पष्ट मत डिनच्या बाजूने आहे: डिन रेग्युलेटरवर योकचा अ‍ॅडॉप्टर (जोडतुकडा) चढवून तो योक व्हॉल्व्हवर लावता येतो, पण योक रेग्युलेटर ३०० बारच्या डिन व्हॉल्व्हवर लागत नाही. अरुंद जागेत योकचे कडे दोरीत अडकण्याचा किंवा आपटण्याचा धोकाही असतो. अ‍ॅडॉप्टरची मर्यादाही जाणून घ्यावी. त्याने फर्स्ट स्टेज डोक्याच्या बाजूला थोडी पुढे येते, म्हणून मान मागे टेकते का, हे शहरातील जलतरण तलावात आधी तपासून पाहावे.

जोडताना व्हॉल्व्हच्या तोंडावरील पाणी व वाळू पुसावी, ओ-रिंग बोटाने चाचपावी, रेग्युलेटर हातानेच आवळावा आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. पाण्यात उतरताच सोबत्याला जोडणीतून बुडबुडे येतात का, हे पाहायला सांगावे. काढताना आधी व्हॉल्व्ह बंद करून सेकंड स्टेजचे (तोंडात धरायच्या भागाचे) बटण दाबावे आणि उरलेली हवा पूर्ण सोडावी, कारण दाब असेपर्यंत दोन्ही जोडण्या हाताला दाद देत नाहीत.

घरी परतल्यावर फर्स्ट स्टेजच्या तोंडाचे धूळझाकण कोरडे करून घट्ट बसवावे आणि मगच रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुवावा. अ‍ॅडॉप्टर मात्र वेगळा काढून धुवावा व वाळवावा; तो तसाच चढवून ठेवला, तर आट्यांत मीठ साचून पुढच्या सहलीपर्यंत इतका घट्ट बसतो की निघता निघत नाही.