या चुका टाळा: धर्मग्रामाच्या कार्यालयात नव्याने बसणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या एका कॅथोलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळीच्या) कार्यालयाचे टेबल मी बरीच वर्षे सांभाळले. या काळात मदतीला आलेल्या जवळजवळ प्रत्येक तरुणाने पहिल्याच आठवड्यात मला एकच सूचना केली की, या जाड वह्या बाजूला ठेवून सगळे एक्सेलमध्ये टाकू या. एक्सेलला माझा विरोध नाही, शोधायला ते फार सोयीचे आहे. मात्र कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेनुसार (कॅनन लॉनुसार) प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असाव्याच लागतात, आणि दाखला देताना फादर सही करतात ती त्या वहीवर विसंबून. ज्याला वही नीट लिहिता येत नाही त्याचे एक्सेलही चुकलेलेच असते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सर्वात मोठी चूक म्हणजे नोंदवहीत खाडाखोड करणे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. आपल्याकडे एका पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख शाळेच्या दप्तरी १ जून अशी लागलेली आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती सोयीने लिहिली. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी असेच एक गृहस्थ शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची जन्मतारीख नोव्हेंबरमधली होती, शाळेच्या दाखल्यावर १ जून होती, आणि पासपोर्टच्या कामासाठी त्यांना दोन्ही सारख्या हव्या होत्या. त्यांची आई शेजारीच बसली होती आणि ‘पोराचं काम अडलंय, बाळा’ असे पुनःपुन्हा म्हणत होती. फादर बाहेरगावी गेले होते. मी ब्लेडने जुनी तारीख खरवडली, वर व्हाइटनर लावला, नवी तारीख लिहिली आणि फादर परतल्यावर बाप्तिस्म्याचा दाखला सहीसाठी पुढे ठेवला.

त्यांच्या लग्नाच्या वेळी याच वहीवरून काढलेला, नोव्हेंबरची तारीख असलेला जुना दाखला दुसऱ्या एका धर्मग्रामात जमा आहे, हे मला ठाऊक नव्हते. काही वर्षांनी परदेशी नोकरीच्या कागदपत्रांत ते दोन्ही दाखले एकत्र आले. एकाच चर्चचे, एकाच माणसाचे, पण दोन तारखांचे दाखले पाहून तिकडून विचारणा झाली. तोवर नवे फादर आले होते. त्यांनी वहीचे पान खिडकीपाशी उजेडात धरले आणि मला फक्त एवढेच विचारले, ‘हे तुम्ही केलंत का?’ त्या गृहस्थांची नोकरी गेली. त्यानंतर ते मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) येतात, पण माझ्या बाकावर बसत नाहीत.

तेव्हापासून कार्यालयात व्हाइटनरची बाटली येऊ द्यायची नाही, असा माझा नियम आहे. मूळ नोंद आहे तशीच राहते. ती खरोखर चुकीची असल्याचा पुरावा असेल, तर तो धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयाकडे पाठवावा आणि तिकडून लेखी उत्तर आल्यावर समासात त्या पत्राचा क्रमांक, तारीख आणि फादरांच्या सहीसह शेरा लिहावा. शाळेच्या दप्तरातील चूक शाळेच्या दप्तरातच दुरुस्त व्हायला हवी. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सरकारी कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्म दाखलाच आहे. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आलेल्या आईवडिलांना मी आधी महापालिकेचा जन्म दाखला आणायला सांगतो.

याच वहीतील दुसरी गल्लत नावांची. आमच्याकडे मराठीखेरीज तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर येते. मराठी सवयीने लिहिणारा माणूस पहिल्या शब्दालाच त्या व्यक्तीचे नाव समजतो आणि तिचे खरे नाव आडनावाच्या रकान्यात टाकतो. पुढे बाप्तिस्म्याच्या वहीतला आणि विवाहाच्या वहीतला माणूस एकच आहे हे सिद्ध करायला त्या कुटुंबाला वर्षभर हेलपाटे घालावे लागतात. मी आधी साध्या कागदावर मजकूर लिहितो, तो आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवतो, त्यांची सही घेतो आणि मगच वही उघडतो. यात दहा मिनिटे जातात. ज्याला तेवढा धीर नाही त्याने चर्चच्या सजावटीला मदत करावी, तिथेही माणसे हवीच असतात.

समासातले शेरे राहून जाणे ही चूक लवकर दिसत नाही, म्हणून ती वाढत जाते. दृढीकरण (कन्फर्मेशन), विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा, संन्यस्तांची आजन्म व्रते यांची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत त्या व्यक्तीच्या नावापुढे करावी लागते. विवाह आपल्याकडे झाला आणि वराचा बाप्तिस्मा अन्यत्र झालेला असेल, तर तिकडे कळवणे हे आपले काम आहे. नवरा-नवरी फोटोंसाठी बाहेर गेले की मी ते पत्र लिहायला बसतो. उलट बाजूने, विवाहासाठी आलेल्या व्यक्तीकडून मी गेल्या सहा महिन्यांत काढलेलाच बाप्तिस्म्याचा दाखला घेतो, कारण कपाटातल्या वीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर मधल्या काळातले काहीच नसते.

विवाहाबाबत आणखी थोडे सांगतो. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येते आणि पुणे इथून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. त्यामुळे वर किंवा वधू प्रोटेस्टंट मंडळीतील अथवा अन्य धर्माची असेल, तर बिशपांच्या परवानगीचे कागद पत्रिका छापण्याआधी पाठवावेत. ‘उद्या जाऊन आणतो’ म्हणणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला बाप्तिस्मा ग्राह्य असतो, तो पुन्हा द्यायचा नसतो. त्याचा दाखला मागवावा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे संध्याकाळी सातनंतर विवाह लावायचा असल्यास कॅथोलिक धर्मगुरूंकडे बिशपांचा परवाना हवा, आणि झालेल्या विवाहांची माहिती दर तीन महिन्यांनी सरकारी निबंधकांकडे पाठवावी लागते. विजापूर रोडवरचे मंगल कार्यालय रात्री उशिरापर्यंत मिळाले आहे, हे कायद्याला माहीत नसते.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता किंवा धर्मपिता म्हणून दहावीतल्या मावसबहिणीला उभे करू नये. सोळा वर्षे पूर्ण आणि दृढीकरण झालेला कॅथोलिक लागतो. प्रोटेस्टंट काका त्याच्यासोबत साक्षीदार म्हणून राहू शकतात.

आता मिस्साच्या हेतूंविषयी, म्हणजे दान देऊन एखाद्यासाठी मिस्सा करायला सांगतात त्याविषयी. घाईचे सर्वात वाईट फळ मी इथे पाहिले. एका आजींनी यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सासाठी दान दिले होते. ते घेणाऱ्या मुलाने नाव चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवले. त्या दिवशी बार्शीहून आणि अक्कलकोटहून एसटीने तीसेक नातेवाईक आले, पहिले दोन बाक भरले, आणि वेदीवरून नाव पुकारले गेले ते भलत्याच माणसाचे. आजी मिस्सा संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. नंतर कार्यालयात येऊन म्हणाल्या, ‘मास्तर, पैसे कमी पडले होते का?’ फादरांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मिस्सा केला, पण नातेवाईक तोवर परतले होते.

मिस्साच्या दानांची स्वतंत्र वही ठेवणे संहितेनेच बंधनकारक केले आहे. तीत हेतू, दिलेली रक्कम, मिस्सा किती आणि ते कधी झाले, हे सगळे यायला हवे. मोबाइलवरून आलेला निरोप म्हणजे नोंद नव्हे. मी निरोप पाठवणाऱ्याला वहीतला अनुक्रमांक परत पाठवतो आणि तो मिळेपर्यंत काही ठरले असे समजू नका, असे बजावतो. गर्दी वाढली की पाच-सहा हेतू एकाच मिस्सात उरकण्याचा मोह होतो. प्रत्येक दानाचा मिस्सा वेगळा, हा मूळ नियम आहे. १९९१ च्या व्हॅटिकनच्या आदेशाने सामुदायिक हेतूंना वाट दिली, तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस तसे करता येत असे. २०२५ मध्ये त्याजागी नवा आदेश आला, पण देणाऱ्यांना आधी सांगून त्यांची संमती आजही घ्यावीच लागते. तारखा भरल्या असतील तर सरळ ‘भरल्या’ असे सांगावे. माणूस रागावतो, पण पुढच्या महिन्याची तारीख घेऊन जातो.

पैशांबाबत माझे फार लांबलचक म्हणणे नाही. दानपेटी दोघांनी मोजावी आणि ते दोघे एकाच घरचे नसावेत. मोजलेली पूर्ण रक्कम आधी बँकेत जावी, मग खर्च व्हावा. ‘फुलवाल्याला यातूनच देऊन टाका’ हे वाक्य हिशेब तपासणीच्या वेळी फार महाग पडते. परदेशात राहणाऱ्या एखाद्या भाच्याने देणगी पाठवतो म्हटले, तर आधी त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते विचारावे. तो भारतीय नागरिक असेल आणि रक्कम बँकेमार्फत आली, तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर मूळ सोलापूरचा असला तरी ती विदेशी देणगी ठरते आणि ती नेहमीच्या खात्यात घेता येत नाही.

धर्मग्राम परिषदेची बैठक ठेवताना त्या दिवशी कोणत्या भागात नळाला पाणी येणार आहे, ते आधी विचारून घ्यावे. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येते, आणि पाण्याच्या संध्याकाळी जुळे सोलापुरातला एकही सदस्य बैठकीला येत नाही. हे न पाहता मी लागोपाठ तीन बैठका ठेवल्या आणि तिन्ही वेळा फादर, मी आणि पहारेकरी एवढेच हजर होतो.