रेडिएशन चालू असतानाचे स्कॅन वापरून प्रेडिक्शन करणार असाल तर आधी हे वाचा

रेडिओमिक्स, म्हणजे स्कॅनमधून गाठीचे आकडे काढून पेशंटचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, हे माहीत असेलच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. हेड-नेकच्या (डोकं-मानेच्या कॅन्सरच्या) पेशंटला रेडिएशनचे साधारण 35 फ्रॅक्शन, म्हणजे रोजचे डोस, सात आठवडे चालतात, आणि मधेमधे पेशंट नीट जागेवर आहे ना हे तपासायला रेडिएशनच्या मशीनवरच कोन बीम सीटी स्कॅन होतच असतो. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलच्या बार्कर वगैरेंनी 2004 मध्ये 14 पेशंटमध्ये मोजलं तेव्हा गाठ उपचाराच्या दर दिवशी मूळ आकाराच्या साधारण 1.8 टक्के आकसत होती. म्हणजे सिग्नल खरा आहे, आणि हे स्कॅन सर्व्हरवर नुसते पडून असतात याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता खड्डा. सगळ्यांचे स्कॅन एकाच आठवड्यातले मिळत नाहीत, मग कुणीतरी सुचवतं की ज्याचा जो शेवटचा स्कॅन असेल तो घ्या आणि पहिल्याशी तुलना करा. असं अजिबात करू नका! शेवटचा स्कॅन सहाव्या आठवड्यातला कुणाचा असतो? जो सहा आठवडे टिकला त्याचा. ज्याला तोंड येऊन गिळता येईना, वजन उतरलं, पैसे संपले आणि जो गावी निघून गेला, त्याचा शेवटचा स्कॅन दुसऱ्या आठवड्यातला, तेव्हा गाठ फारशी आकसलेलीच नसते. मग मॉडेल म्हणतं की गाठ कमी आकसली तर पेशंट लवकर जातो, पण ते खरं मोजतंय उपचार पूर्ण झाले की नाही हे. आकडे इतके सुंदर येतात की शंकाच येत नाही, माझे कितीतरी महिने यातच गेले.

म्हणून एक दिवस ठरवा, समजा विसावं फ्रॅक्शन, आणि सर्व्हायव्हलचं घड्याळ, म्हणजे पेशंट किती दिवस जगला याची मोजणी, तिथून सुरू करा, पहिल्या दिवसापासून नाही. त्या दिवशी जे हयात आहेत आणि ज्यांचा तेव्हाचा स्कॅन आहे तेच घ्या, आणि जे गळाले ते किती आणि का हे वेगळं लिहा. पेशंट कमी होतील, होऊ देत.

दुसरं, नुसता व्हॉल्यूम घालून साधं मॉडेल आधी चालवा. 2014 च्या आर्ट्स या संशोधकाच्या गाजलेल्या सिग्नेचरबद्दल (अंदाजासाठी निवडलेल्या रेडिओमिक्स आकड्यांच्या संचाबद्दल) 2019 मध्ये वेल्च वगैरेंनी दाखवलं की ती बरीचशी गाठीचा आकारच सांगत होती. शिवाय कोन बीममध्ये स्कॅटरमुळे (विखुरलेल्या किरणांमुळे) एचयू, म्हणजे सीटीमधले घनतेचे आकडे, भरवशाचे नसतात, म्हणून टेक्स्चरच्या, म्हणजे गाठीच्या आतल्या पोताच्या आकड्यांच्या, मागे लगेच लागू नका.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं बहुतेक वेळा आधी ऑपरेशन होतं, मग रेडिएशनच्या वेळी मोजायला गाठच नसते. त्यामुळे घसा, स्वरयंत्राचे पेशंट निवडा, नाहीतर अर्धा डेटा फुकट.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे, जो स्वतः कॉन्टूर (स्कॅनवर गाठीची सीमारेषा) काढतो तोच गाईड, नुसता कोड देणारा नाही. आणि मशीनवरच्या टेक्नॉलॉजिस्टजवळ जाऊन बसा, डोकं स्थिर ठेवणारा मास्क कधी सैल झाला, कुणाचं रिप्लॅनिंग (रेडिएशनची आखणी मधेच पुन्हा करणं) झालं हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि रिप्लॅन झाला की मधेच नवा प्लॅनिंग सीटी येतो, तो जुन्याशी तसाच जोडू नका.

घाबरू नका मात्र. चाळीस-पन्नास पेशंटचा नीट आखलेला डेटासुद्धा शिकायला पुरतो, आणि एथिक्सची परवानगी यायला वेळ लागतो तोवर टीसीआयए या कॅन्सर स्कॅनच्या ऑनलाइन संग्रहावरचे उघडे डेटासेट घेऊन हात बसवता येतो.