ब्लॉग चालवायचाय? आधी खिशात वही ठेवा

ब्लॉग सुरू करायला अर्धा तास पुरतो आणि बंद पडायला एक पावसाळा. मी खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात एका वीज उपकेंद्रावर यंत्रचालक आहे. लिहिणं हा माझा धंदा नाही, शिक्षणही त्यातलं नाही. तरी बरीच वर्षं ब्लॉग टिकून आहे, म्हणून ओळखीतली पोरं विचारायला येतात. कोणी अमळनेरला बी.ए.ला असतं, कोणी शिरपूरला डिप्लोमा करत असतं. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय.

ब्लॉग चालवायला ब्लॉगर घ्यायचं की वर्डप्रेस, हा प्रश्न आधी उरकून टाकू, कारण सगळ्यांचा वेळ तिथेच जातो. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ते गूगलने विकत घेतलं. वर्डप्रेसही २००३ चंच. पहिलं फुकट आणि साधं आहे. दुसऱ्यात सोयी जास्त, तशी डोकेदुखीही जास्त. पहिलं वर्ष फुकटातच काढा. स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं की दरवर्षी पैसे भरत राहावं लागतं, सवय लागण्याआधी त्या फंदात कशाला पडायचं? थीम आणि रंग बदलण्यात महिना घालवणारे मी पाहिलेत. त्यांच्या ब्लॉगवर ‘नमस्कार मित्रांनो, ही माझी पहिली पोस्ट’ एवढं एकच असतं आणि पुढे सामसूम.

दोन तांत्रिक गोष्टी मात्र पहिल्या दिवशीच समजून घ्या, नंतर निस्तरणं जड जातं. ब्लॉगरवर पोस्टचा पत्ता फक्त रोमन अक्षरांत आणि आकड्यांत बनतो. मथळा अख्खा मराठीत असेल तर त्याला काही उचलता येत नाही, मग तो नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं नाव देतो आणि पुढच्या पोस्टला त्यालाच आकडा चिकटवतो. वर्षाने बघाल तर सगळे पत्ते एकसारखे, कुठला कशाचा कळत नाही. पोस्ट टाकण्याआधी बाजूच्या पर्मालिंकमध्ये जाऊन ‘कस्टम’ निवडायचं आणि कानबाई (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण), केळी, सारंगखेडा जे काय असेल ते रोमन लिपीत टाकायचं. आपली बरीच माणसं शोधतानाही मराठी शब्द रोमनमध्येच टाइप करतात, त्यामुळे दुहेरी फायदा.

दुसरी गोष्ट टायपिंगची. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव असल्या जुन्या फाँटमधला मजकूर आणून चिकटवलात तर वाचणाऱ्याला भलतीच चिन्हं दिसतील आणि गूगलला तो लेख सापडणारही नाही. युनिकोडच हवं, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर तीच अक्षरं दिसतात. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला सुरुवातीला कंटाळा येतो, पण बोटं बसली की जोडाक्षरांची भीती जाते. मोबाईलवर बोलून टाइप करायची सोय चांगली आहे. फक्त मध्ये अहिराणी, म्हणजे आमची खानदेशी बोली आली की ते यंत्र स्वतःच्या मनाचं काहीतरी लिहून मोकळं होतं, तेवढा भाग हाताने करायचा.

आता वही.

उपकेंद्रावर दर तासाला लॉगशीट भरावी लागते. कुठल्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) किती अँपिअर, व्होल्टेज किती, कधी ट्रिप झालं, किती वाजता परत चार्ज केलं. त्यात मत लिहायला रकानाच नसतो. ‘आज फार त्रास झाला’ असं कोणी लिहीत नाही, ‘शेती फीडर, ओव्हरकरंट, दोन चाळीस’ असं लिहितो. माझ्या लिहिण्याला जे काही वळण लागलं ते या रकान्यांनी लावलं. खिशातल्या वहीतही मी तसंच लिहितो: वेळ, जागा, कोण काय बोललं. विचार टिपत बसत नाही. विचार नंतरही सुचतो, पण एखाद्या माणसाने वाक्य कसं टाकलं ते संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं. ड्यूटीवर ब्लॉग लिहीत नाही, तेही सांगून ठेवतो. लिहिणं सुटी झाल्यावर, घरी.

वहीतली एक नोंद देतो: ‘सकाळी साडेसात. रस्त्याकडेला केळीची गाडी भरताहेत. मजुराने घड खांद्यावर घेण्याआधी खांद्यावर फडकं दुमडून टाकलं. माझ्या कपड्यांकडे बघून म्हणाला, दूर ऱ्हाय भो, चीक लागना का शर्ट गया समज.’ एवढंच. त्यावरून केळीकटाईवर पोस्ट झाली. घड कसा उतरवतात, चिकाचे डाग का निघत नाहीत, मजुरांचे जुने कपडे वेगळे का असतात. शेतकरी कुटुंबांतल्या लोकांनी ती आवडीने वाचली, कारण रोजच्या कामावर कोणी इतकं बारीक लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याच वेळी ‘तरुणाई आणि सोशल मीडिया’ असल्या विषयावरही मी एक लेख टाकला होता. तो कोणाला आठवतही नाही, आणि आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

नव्याने लिहिणाऱ्यांना माझा पहिला सल्ला म्हणूनच असा की देशाच्या प्रश्नांवर नंतर लिहा. आधी तुमच्या गावच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके कुठे बांधतात, गुलाबाईची गाणी कोणत्या गल्लीत अजून म्हणतात, भरताची वांगी भाजायला तुमच्या घरी कपाशीच्या काड्या का लागतात, ते लिहा. हे तुमच्याइतकं नेमकं दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

मग सवय. वार ठरवा आणि तो मोडू नका, एवढंच. उदाहरण आपल्या धुळ्याचंच आहे. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि उतरवून घ्यायला साने गुरुजी. विनोबांची विद्वत्ता आपल्याकडे कुठून येणार, पण रविवार तर सगळ्यांकडे असतो. माझी ड्यूटी पाळीची, वार फिरत राहतो, म्हणून मी ‘रात्रपाळी संपल्यानंतरची पहिली सुटी’ असं ठरवून टाकलंय. लेख अर्धवट असला तर अर्धवटच टाकतो, पुढचा भाग पुढच्या वेळी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला गेला की डोकं चालत नाही, तेव्हा एक फोटो आणि चार ओळी. चार ओळीही चालतात. खाडा पडला की मात्र दुसरा खाडा सोपा जातो, तिसऱ्याला वाईटही वाटत नाही.

वैतागाचं सांगायचं तर सगळ्यात मोठा वैताग शांततेचा. तुम्ही दोन रात्री जागून लिहिता आणि पलीकडून काहीच येत नाही. आमच्या शेजारचे नाना मला कीबोर्ड बडवताना बघून हटकून विचारतात, ‘हाई कोन वाचस रे भो? पैसा भेटतस का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: मराठीत, तेही खानदेशापुरतं लिहून जाहिरातींतून घर चालेल अशा भ्रमात राहू नका, मोबाईलचा रिचार्ज निघाला तरी खूश व्हा.

पहिला प्रश्न जास्त छळतो, कारण भेटींचा आकडा डोळ्यासमोर असतो. त्या आकड्यात तुमच्या स्वतःच्या भेटी असतात (त्या वगळायची सोय आहे, पहिल्याच दिवशी करून टाका). शिवाय त्यात यंत्रांच्याही, म्हणजे आपोआप पानं चाळत फिरणाऱ्या प्रोग्रॅमच्या भेटी असतात. एखाद्या रात्री कुठल्यातरी परदेशातून एकदम शेकडो भेटी दिसल्या तर तिकडे अहिराणी शिकायची लाट आली असं समजू नये. मी आकडा महिन्यातून एकदाच बघतो, तोही कुठला जुना लेख चाललाय ते कळावं म्हणून.

आकड्यावरून साने गुरुजी पुन्हा आठवतात. अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोज! वाचक कोण? वसतिगृहातली मुलं. आजच्या हिशेबाने पाहिलं तर एका बऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपएवढेही वाचक नसतील. मला हे फार धीराचं वाटतं, कारण आपण कोणासाठी लिहितोय हे त्यांना चेहऱ्यानिशी माहीत होतं.

मराठी ब्लॉगांचे दिवस २०१० च्या मागेपुढे जास्त भरात होते, असं जुने लोक सांगतात, आणि ते खरं आहे. एकाच ठिकाणी सगळ्या ब्लॉगांच्या नव्या पोस्टी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, तोवर वाचकही फेसबुककडे सरकला होता. आता नव्या पोस्टची लिंक आपणच चार ठिकाणी टाकावी लागते. लाज वाटते, पण टाकायची. फक्त सगळा लेखच ग्रुपमध्ये चिकटवू नका. तसं केलंत की दोन दिवसांत तो ‘कोणीतरी खूप छान लिहिलंय’ अशा वाक्यासह तुमच्याकडेच परत येईल, आणि नाव गायब झालेलं असेल. माझा कानबाईवरचा लेख एका संकेतस्थळाने शब्दन् शब्द उचलून स्वतःच्या नावाने छापला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेख लिहिताक्षणी हक्क लेखकाकडे येतो, नोंदणीची सक्ती नाही. पुरावा म्हणून आपल्या पोस्टची तारीख आणि समोरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, त्यांना सभ्य शब्दांत मेल करा, दाद दिली नाही तर शोधातून काढण्यासाठी गूगलचा अर्ज भरा. मी तेच केलं, ते पान गेलं. संताप मात्र बराच काळ राहिला.

आणि गावातली माणसं. खेड्यात नाव बदललं तरी ओळखू येतं. ‘एका लग्नात बट्टी कमी पडली’ एवढं लिहा, तीन घरं रुसतील. जेवण, पीक, सण यांवर बिनधास्त लिहा. कोणाच्या घरातल्या भांडणावर लिहायचं असेल तर आधी त्या माणसाला वाचून दाखवा. नाही म्हणाला तर वहीत राहू द्या.

करिअरचं विचारणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. पत्रकारितेला जाणार असाल, अनुवादाची किंवा मजकूर लिहायची कामं शोधणार असाल, तर ‘मला लेखनाची आवड आहे’ असं अर्जात लिहिण्यापेक्षा वर्षभराच्या पोस्टींची लिंक देणं कधीही चांगलं. समोरच्याला पाच मिनिटांत कळतं तुम्ही वेळेवर लिहिता का, शुद्ध लिहिता का. सगळ्या पोस्टींचा बॅकअप सेटिंगमधून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवत जा. खातं अडकलं तर दाखवायला हातात काहीतरी असतं.

मिळकत वेगळ्याच बाजूने येते. श्रावण जवळ आला की माझा कानबाईचा जुना लेख आपोआप वर येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. त्या आठवड्यात पुण्यात, ठाण्यात, सुरतेत राहणाऱ्या खानदेशी घरांतल्या सुना शोधत असतात, रोटाचे (कानबाईच्या नैवेद्याचे) गहू किती घ्यायचे, सव्वा मूठ कोणाकोणाच्या नावाची. सुरतच्या लिंबायतमधून एका ताईंचं लांबलचक मेल आलं. सासूबाई गेल्या, आता विचारायला कोणी नाही, म्हणून गूगलवर शोधलं, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत त्यांच्या माहेरची पद्धतही दिली होती, ती आमच्यापेक्षा बरीच वेगळी. परवानगी घेऊन ती लेखाखाली जोडली. मग दुसऱ्या घराची आली, तिसऱ्याची आली. तो लेख आता माझ्या मूळ लिखाणापेक्षा लोकांनी कळवलेल्या पद्धतींनीच मोठा झालाय, आणि एवढी माहिती मी गावोगाव हिंडूनही गोळा करू शकलो नसतो.

म्हणून ब्लॉगवर संपर्काला ई-मेल जरूर ठेवा. मोबाईल नंबर मात्र ठेवू नका. माझा नंबर एका जुन्या पोस्टमध्ये होता आणि मी उपकेंद्रावर असतो हेही तिथेच लिहिलेलं होतं, त्यामुळे लेख आवडल्याचे फोन आले दोन-चार, आणि बाकीचे सगळे रात्री-बेरात्री, ‘भाऊ, लाइट कव्हय येई?’ विचारणारे.